चालतं का, नेना?

तेशान गावाच्या वरच्या मोहल्ल्यात बुला देवलेताच्या दाराला घंटा होती, पण ती कुणी वाजवत नसे. बायका अंगणातूनच ओरडत यायच्या. "बुला, नखाला रंग राहिलाय नि वजू केला, चालतं का?" "बुला, मांजर नमाजाच्या सतरंजीवर झोपलं, चालतं का?" एकीनं विचारलं, नवऱ्याला रोजा असताना त्याच्याशी भांडलं तर चालतं का? देवलेता पिठाचे हात झटकत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याशी? त्यात वर सवाब मिळेल गं!"

बुला म्हणजे बायकांची मौलवीण. पोरींना नमाज आणि त्याआधीचा वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, शिकवायची, घरोघरी दुआ पढायची आणि मोहल्ल्यातली बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायची. देवलेताच्या हाताखालून गेल्या नाहीत अशा बायका आमच्या चढावर कमीच. तिचा एक धडा सगळ्यांना पाठ होता. ती बोट वर करून सांगायची, "खसखशीएवढी जागा जरी कोरडी राहिली, तरी वजू नाही. वजू नाही तर नमाज नाही. नि नमाज नाही तर दुआ कुठल्या तोंडानं मागाल?" पोरी डोळे मोठे करून ऐकायच्या, घरी जाऊन पावाला मुरंबा फासायच्या आणि विसरून जायच्या. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं. विसरली नाही ती एकटी उमिहाना, देवलेताची नात.

उमिहाना लहानपणापासून आजीकडेच, तिच्या नेनाकडे. तिचा बाप स्लोव्हेनियात दुसरं घर मांडून बसलेला, आणि आई अल्मासा ऑस्ट्रियात, लिन्झच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उस्तवार करायला गेलेली. त्या वर्षी आलुबुखारांचा पाक शिजवायच्या दिवसांत अल्मासा अचानक परत आली, डोक्याला घट्ट रुमाल बांधून. शेजारच्या मेय्रानं पहिला तोच टिपला. संध्याकाळपर्यंत चारही घरांत बातमी पोचली, "लिन्झला जाऊन अल्मासा धार्मिक झाली हो! आईला जमलं नाही ते ऑस्ट्रियावाल्यांनी केलं!" दोन दिवसांनी मेय्रा स्वतः डबा घेऊन गेली, तेव्हा अल्मासाचा रुमाल जरा सरकला. खाली केसच नव्हते. मेय्रा डबा तिथंच विसरून आली आणि मग आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मेय्राच्या मानानं हा मोठा शोकच म्हणायचा.

त्याच सुमाराला देवलेताच्या घरातला नळ वाहू लागला.

आधी कुणाला काही वाटलं नाही. उलट कौतुकच झालं. मेय्रा आपल्या पोरींना म्हणायची, "बघा, बघा त्या उमिहानाकडे. माशाल्ला, वजूला बसली की पाय कसे घासते! नाहीतर तुम्ही, मांजरासारखं तोंड ओलं केलं की झालं." देवलेताही मनातून फुलली होती. आपल्या मागं ही गादी चालवील कोणीतरी! न्हाणीघरातून हाक यायची, "नेना, बोटांच्या मधे पाणी गेलं, चालतं का?" आणि स्वयंपाकघरातून देवलेता गायल्यासारखं उत्तर द्यायची, "चालतं, राजा, चालतं."

पण ते उत्तर पुरेना. पहिल्यांदा विचारलं की दिवसभर पुरायचं, मग नमाजापुरतं, मग नळापासून दारापर्यंतसुद्धा नाही. पोरगी उंबऱ्यात यायची, थबकायची, कोपराकडे बघायची आणि मागं वळायची. सकाळचा वजू संपेपर्यंत शाळा भरून जायची. हात मनगटापर्यंत सोलल्यासारखे लाल झाले, थंडी पडली तशा सांध्यांवर भेगा पडल्या आणि टॉवेलाला रक्त लागू लागलं. कुराण हातात घ्यायचं तर वजू हवा, म्हणून एक पान वाचलं की पुन्हा नळ.

मेय्रानं मग आपल्या परीनं उपाय काढला. खालच्या गावातून शिसं ओतणारी बाई आणली. पोरीच्या डोक्यावर चादर धरायची, वर थंड पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि शिशाचा जो आकार होईल, त्यावरून भीती कसली बसली ते सांगायचं, असा तो प्रकार. देवलेता त्या दिवशी अल्मासाला घेऊन तूझ्लाच्या इस्पितळात गेली होती, म्हणून साधलं. चुर्र आवाज झाला, बाईनं शिसं उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "कुत्रा. पोर कुत्र्याला भ्याली." उमिहाना कुत्र्याला भीत नव्हती, पण आता शिशाला भ्यायला लागली. त्या दिवसापासून हातपाय धुऊन झाले की केसही धुणं आलं. देवलेतानं परत आल्यावर ऐकलं आणि मेय्राला फाटकातच गाठलं. "मेय्रा, शिशाची एवढी हौस असेल तर थोडं जिभेवर ओत गं!"

शिव्या देऊन ती घरात आली खरी, पण त्या दिवशी तिच्या शिव्यांत जोर नव्हता. तूझ्लाच्या डॉक्टरांनी अल्मासाला बाहेर बसवून तिला आत घेतलं होतं. औषधं थांबवू म्हणाले. वसंतापर्यंत, फार तर.

बंद दाराआड पाणी चालूच होतं. देवलेतानं दाराला डोकं टेकलं.

"राजा, पुरे आता. कोण मागं लागलंय तुझ्या?"

"कोणी नाही."

"मग एवढं कशाला?"

पाणी जरा बारीक झालं. "नेना, कोरडं राहिलं तर दुआ पोचत नाही ना. मी आईसाठी मागते."

देवलेता तिथंच भिंतीला धरून खाली बसली. अल्मासा जाणार होती, ते तर अल्लाहनं ठरवलेलं. पण ती गेली की ही पोर आपल्या कोपरावर, आपल्या टाचेवर एखादी खसखशीएवढी जागा शोधून काढणार आणि जन्मभर म्हणणार, आईला मी मारलं. वसंताच्या आत हे पोरीच्या डोक्यातून काढायला हवं होतं. मुलगी हातातून चाललीच होती, नात जाऊ द्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मुहर्रम एफेंदीकडे गेली. हा आमचा इमाम, वयानं तिच्या अल्मासाहून लहान, आणि अलिफ-बे शिकलेला तिच्याच ओट्यावर. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाकरला आणि भीत भीत म्हणाला, "बुला, ही वेस्वेसा आहे. सैतानाची कुजबुज. तुम्हाला मी काय सांगू? शंकेनं खात्री मोडत नाही. ज्याला सारखी शंका येते त्यानं मागं वळून बघायचंच नाही, एकदा धुतलं ते धुतलं. हे तुम्हीच मला…"

"माहीत आहे मला!" देवलेता ताडकन म्हणाली. मग आवाज उतरला. "दुसऱ्यांना सांगण्यापुरतं माहीत आहे, एफेंदी. माझ्या घरात मी खसखसच शिकवली."

एफेंदीनं तिच्यापुढं कॉफी सरकवली. "आणि डॉक्टरकडे न्या. ताप आला तर दुआही मागतो आणि गोळीही घेतो की आपण. तसंच हे."

पोरांच्या मनाची डॉक्टर बेल्मा दोबोय गावात बसायची, तिच्या खोलीत बाहुल्या आणि ठोकळे. उमिहानाशी ती बराच वेळ बोलली, हातांना मलम दिलं, दर आठवड्याला यायला सांगितलं. मग देवलेताकडे वळली. "नेना, हिला जे करायचंय ते मी हिला सांगितलंय. वजू एकदाच, मग कितीही भीती वाटली तरी नळाकडे जायचं नाही. भीती चढते, थांबते, मग उतरते. ते तिचं तिला कळायला हवं. पण अवघड काम तुमचं आहे. ती ‘चालतं का’ म्हणून विचारील. उत्तर द्यायचं नाही."

"काय?"

"खरं काय ते एकदा नीट सांगा. दुसऱ्यांदा विचारते ती उमिहाना नसते, तो आजार विचारतो. त्याला उत्तर दिलं की तो जेवतो, वाढतो."

देवलेता खुर्चीत मागं टेकली. "डॉक्टर, अगं जन्मभर मी दुसरं केलंय काय? गाव माझ्या ‘चालतं’वर जेवतं!"

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचा तोटीचा जुना तांब्या काढला, घासूनपुसून भरला आणि नातीपुढं ठेवला. "हे बघ राजा. पैगंबरसाहेबांचा वजू ओंजळीएवढ्या पाण्यात व्हायचा. आपल्याला तर हा एवढा मोठा तांब्या आहे. नळ बंद. तांब्या संपला की वजू संपला. खसखशीचं मी चुकीचं शिकवलं तुला. दीन सोपा आहे, मीच अवघड केला. हे एकदा सांगितलं, आता पुन्हा विचारलंस तर नेनाला उत्तर येत नाही असं समज."

"आणि शंका आली तर?"

"येऊ दे की. पाहुणी आली म्हणायचं. काही बायका नाही का, न बोलावता येतात, बसतात, उठायचं नाव घेत नाहीत? त्यांना आपण काय देतो?"

उमिहानाच्या ओठांचा कोपरा हलला. "सिक्तेरुशा."

सिक्तेरुशा म्हणजे आमच्याकडची शेवटची कॉफी. पाहुणीला उठ म्हणता येत नाही, म्हणून पुन्हा एकदा कप भरून पुढं करायचा. शहाणी पाहुणी ती बघून चपला शोधते.

"तर मग! वेस्वेसा आली की तिला सिक्तेरुशा द्यायची. भांडायचं नाही, समजूत घालायची नाही, गप्पा तर मुळीच मारायच्या नाहीत."

"मेय्राताई येतात तशी येते का ती?"

"मेय्रापेक्षा कमी बोलते, पण जास्त बसते."

पोरगी हसली. किती दिवसांनी हसली! आतल्या खोलीत अल्मासालाही ते ऐकू गेलं. कुंपणाआड मेय्रालाही ऐकू गेलं, आणि ती दोन दिवस फुगून बसली, पण तिसऱ्या दिवशी आलीच, कॉफी प्यायला.

एवढ्यानं नळ थांबला असं नाही. तांब्या संपायचा आणि पोर रिकामा तांब्या छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. "नेना, चालतं का?" देवलेता ओट्यावर पीठ लाटत असायची. लाटणं थांबायचं, पुन्हा फिरायचं. "नेना, फक्त एकदा. हो म्हण ना. मान तरी हलव." देवलेतानं तोंडात एक सुकं आलुबुखार धरून ठेवायला सुरुवात केली, जीभ आवरावी म्हणून. गावभर बोलणारी बाई बी चघळत बसलेली आणि मागं पोर हमसून हमसून रडतेय. कधी पोर चिडायची, "तुला दुष्ट म्हणतात सगळे, माहीत आहे?" तर कधी रात्री तांब्या लपवून नळ सोडायची. दोन पावलं पुढं, एक मागं असं ते चाललं होतं.

आणि सगळे म्हणत होतेच. मोहल्ल्याला काय कळणार? "आई अंथरुणावर, नि आजी पोरीला साधं उत्तर देईना. दुसऱ्यांच्या पोरींना गोड बोलते हो!" बायका अंगणात यायच्या, आपापले प्रश्न विचारायच्या, ‘चालतं’ घेऊन जायच्या, आणि जाताना खिडकीत बसलेल्या उमिहानाकडे बघून चुकचुकायच्या. देवलेता ते ऐकून घ्यायची. एरवी ती चुकचुकणारीची सात पिढ्यांपासून हजेरी घेती.

खरी कठीण वेळ अल्मासानं आणली. एके दिवशी ती उशीवरून म्हणाली, "आई, सांग ना गं तिला. किती रडतेय ते ऐकवत नाही मला."

"डॉक्टरनं…"

"डॉक्टर जाईल आपल्या घरी. मी ऐकतेय इथं पडून."

देवलेतानं मग तिला सगळं सांगितलं. पोर दुआ कुणासाठी मागतेय, दुआ पोचावी म्हणून काय करतेय, आणि पुढं काय होईल. पुढचं तोंडातून निघत नव्हतं, पण अल्मासानंच ते पुरं केलं. "मी गेल्यावर."

दुपारी उमिहाना आजीला चुकवून आईच्या खोलीत गेली. आई तरी सांगेल! ओले हात पुढं करून उभी राहिली. "आई, चालतं का?"

अल्मासानं तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू, दम खात, कुशीवर वळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पोर पाय ओढत बाहेर गेली. देवलेता दारात उभी होती. अल्मासा भिंतीकडे बघतच म्हणाली, "तिला द्यायला माझ्याकडे तेवढंच एक उरलं होतं आई. एक हो. तेही नाही दिलं."

देवलेतानं पांघरूण सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

बर्फ वितळेस्तोवर पोरीचे हात भरून आले होते. आठवड्यातले बरेच दिवस एका तांब्यात भागू लागलं, शाळाही सुरू झाली. ‘चालतं का’ घशापर्यंत यायचं, तिच्या मानेवरून दिसायचं ते, आणि ती गिळायची. मग एकदा देवलेतानं तिला शेजारी बसवून सांगितलं, की आई बरी होणार नाही. दुआ मागणं आपलं, देणं न देणं त्याचं. वजू म्हणजे त्याच्यापुढं नीट उभं राहायचं, त्याला ओढायची दोरी नव्हे ती. उमिहानानं ऐकून घेतलं. काही विचारलं नाही. देवलेताला ते विचारण्यापेक्षा भारी वाटलं.

आलुबुखारांच्या झाडांना फुलं आली तेव्हा अल्मासा गेली. सकाळी, चहा गार व्हायच्या आत.

मोहल्ला म्हणाला, पलीकडच्या गावची बुला बोलावू, लेकीला आंघोळ घालणं आईला सोसवायचं नाही. देवलेतानं मान हलवली. "माझ्या पोटातून दुनियेत आली ती." उमिहाना म्हणाली, पाणी मी ओतते. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. देवलेतानं मात्र तिच्या हातात भांडं दिलं. मदतीला मेय्रा राहिली.

फळीवर अल्मासा, अंगावर चादर. देवलेताचे हात नेहमीसारखे चालले. आधी वजू दिला, मग उजवी बाजू, मग डावी, दर वेळी तीनदा. उमिहाना बारीक धार धरून होती, एक थेंब इकडे तिकडे नाही. सगळं झालं. मेय्रानं कोरडा कपडा पुढं केला.

"थांब," देवलेता म्हणाली. "पायाच्या बोटांत. ओत, राजा." धार पडली. "टाचेला. इथं कोरडं वाटतंय." धार पडली. "पुन्हा. इथं नाही पोचलं." तिनं भांडं स्वतःच घेतलं, बादलीत बुडवलं, ओतलं, पुन्हा बुडवलं. बाहीचं पाणी कोपरापर्यंत आलं. मेय्रा कपडा धरून उभीच. देवलेता तो घेईना, कारण कपडा घेतला की पुसायचं, पुसलं की गुंडाळायचं, आणि मग काहीच करायचं राहत नव्हतं.

उमिहाना आजीच्या शेजारी आली. आजीनं तिच्याकडे बघितलं. ती नजर पोरीच्या ओळखीची होती, कित्येकदा स्वयंपाकघराच्या दारातून तिनं स्वतः तसंच बघितलं होतं. ‘चालतं’ म्हणायला किती सोपं होतं! ती म्हणाली नाही. आजीच्या मुठीतून भांड्याचा कान सोडवला, एकेक बोट करून, आणि भांडं जमिनीवर ठेवलं.

"शंका आली का, नेना?"

"आली."

"येऊ दे."

देवलेतानं मेय्राकडे हात केला, कपड्यासाठी.

पुरुष जनाजा घेऊन चढ उतरून गेले. बायका घरात बसल्या, माळा काढल्या, बुलाची वाट बघू लागल्या. बुला मागच्या पायरीवर होती, ओल्या बाह्यांनी, आणि शेजारी उमिहाना. खालच्या वळणावर माणसं दिसेनाशी झाली तसं पोरीनं विचारलं, "नेना, माझ्या वजूमुळं नाही ना?"

देवलेतानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "नाही," ती म्हणाली. "नाही. तिला आजार होता आणि तिची वेळ झाली होती. तुझ्या पाण्याचा त्यात थेंबभरही संबंध नाही."

पोरीनं मान हलवली. वाऱ्यानं फुलं अंगणात आली. मग ती पुन्हा म्हणाली, "नक्की ना?"

देवलेतानं ओठ आत घेतले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती समोरच्या डोंगराकडे बघत होती.

"नेना. नक्की ना?"

उत्तर आलं नाही. पोर उठली, आत गेली. न्हाणीघराचं दार लागलं आणि नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी वाहत राहिलं. बैठकीतून मेय्रा दारापर्यंत आली, हळूच म्हणाली, "बुला, अगं जाऊन सांग तिला. आजच्या दिवस तरी."

"तू बस आत," देवलेता म्हणाली. ती त्या दाराशी जाऊन, जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. आपणही अल्मासाच्या टाचेचं कुणाला तरी विचारावं, असं तिला फार वाटत होतं. विचारायचं कुणाला? गावाला उत्तर देणारी तीच.

पाणी थांबलं. पुन्हा सुटलं. पुन्हा थांबलं.

उमिहाना बाहेर आली तेव्हा हात ओले होते, डोळे सुजलेले. तिनं आजीला खाली बसलेलं बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हात पुढं केला. देवलेता तो धरून उठली, गुडघे वाजले. दोघी बैठकीत गेल्या. बायकांनी सरकून जागा केली. देवलेतानं बिस्मिल्ला म्हणायला सुरुवात केली तर आवाजच फुटेना. बायका माना खाली घालून थांबल्या. तेव्हा तिच्या शेजारून, बारीक आवाजात, अडखळत, पोरीनं सुरुवात केली.